काळाची निरी आणि घराची वाट

मुलांच्या साहसकथांचा एक अलिखित दंडक आहे. साहस सुरू व्हायचे असेल, तर आई-वडील वाटेतून दूर झाले पाहिजेत. ते एक तर दिवंगत असतात, नाही तर परगावी असतात. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात वसतिगृहात राहतो, म्हणूनच त्याचा 'फास्टर फेणे' होऊ शकतो. हॅरी पॉटर पोरका आहे, म्हणूनच हॉगवर्ट्सची शाळा त्याला घरासारखी वाटते. यात लेखकांना दोष देण्याचे कारण नाही. सातच्या आत घरात असा नियम पाळणाऱ्या मुलाला राक्षस मारायला सवड तरी कोठून मिळणार?

हा दंडक उलटा फिरवणारी कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखिका मॅडलिन लेंगल यांची 'अ रिंकल इन टाइम'. १९६२मध्ये ती प्रकाशित झाली, १९६३मध्ये अमेरिकेतील बालसाहित्याचा मानाचा न्यूबेरी पुरस्कार तिला मिळाला आणि आजवर तिच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. यातील मुले घरापासून दूर जातात ती घराला कंटाळून नव्हे, तर मोडलेले घर पुन्हा जुळवण्यासाठी. कुटुंबभावना हा या कादंबरीतला उपदेशाचा परिच्छेद नाही. कथानकाचा गाडा तिच्यावरच चालतो. मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत, असा प्रश्न ज्या घरांत गांभीर्याने विचारला जातो, त्या घरांनी तिची दखल घ्यायला हवी, असे मला वाटते. दखल घ्यायला हवी याचा अर्थ तिच्यातले सारेच गोड मानून घ्यावे, असा मात्र नाही.

या पुस्तकाच्या जन्माची कथाही सांगण्याजोगी आहे. लेंगल यांचा जन्म १९१८चा, न्यूयॉर्क शहरातला. लग्नानंतर काही वर्षे त्या कनेक्टिकट राज्यातील गोशेन या खेड्यात राहिल्या. तेथे पती-पत्नींनी किराणा दुकान चालवले. मुलांचे संगोपन, दुकान आणि उरल्या वेळात लेखन असा क्रम होता. लेखनाला यश नव्हते. चाळिसाव्या वाढदिवशीच आणखी एक हस्तलिखित साभार परत आले, तेव्हा लेखन कायमचे सोडायचे त्यांनी ठरवले. पण टंकलेखन यंत्रावर झाकण घालून खोलीत येरझारा घालताना आपल्या मनात याच अपयशावर एक कादंबरी आकार घेते आहे, असे त्यांना आढळले. मग निश्चय बाजूला राहिला. १९५९मध्ये हे कुटुंब मोटारीने, तंबू ठोकत, देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे निघाले. त्या काळात त्या आइन्स्टाइन आणि प्लँक यांच्याविषयी झपाटल्यासारख्या वाचत होत्या. ॲरिझोनाच्या रंगीत वाळवंटातून जाताना मिसेस व्हॉट्सिट, मिसेस हू आणि मिसेस विच ही तीन विलक्षण नावे त्यांना सुचली आणि आता यांच्यावर पुस्तक लिहावे लागणार, असे त्यांनी मुलांना सांगून टाकले.

पुस्तक लिहून झाले. पण ते घ्यायला कोणी तयार होईना. सव्वीस प्रकाशकांनी नकार दिला, असे लेंगल स्वतः सांगत. हे मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी, विज्ञानकथा आहे की परीकथा, याचा कोणाला उलगडा होत नव्हता. अखेरीस आईसाठी त्यांनी योजलेल्या चहापानाला आलेल्या एका स्नेह्याने प्रकाशक जॉन फरार यांच्याशी गाठ घालून दिली आणि पुस्तक निघाले. फारसे खपणार नाही, अशीच त्या प्रकाशनसंस्थेचीही समजूत होती!

कथा अशी आहे. मेग मरी ही तेरा-चौदा वर्षांची मुलगी. चष्मा, दातांना तारा, गणितात हुशार आणि शाळेत सर्वांच्या टोमण्यांचे लक्ष्य. सँडी आणि डेनिस हे दोघे जुळे भाऊ व्यवहारी आणि चारचौघांत मिसळणारे. धाकटा चार्ल्स वॉलेस पाच वर्षांचा, अलौकिक बुद्धीचा. पण गावाच्या लेखी मंदबुद्धी. आई-वडील दोघेही शास्त्रज्ञ. आई प्रयोगशाळेतल्या बर्नरवरच रस्सा शिजत ठेवते. वडील सरकारच्या एका गुप्त प्रयोगात असताना नाहीसे झालेले आहेत. पत्रे बंद होऊन बरेच दिवस लोटले आहेत आणि ते दुसऱ्याच कोणा बाईबरोबर निघून गेले, अशी कुजबुज गावात चालू आहे. आई मात्र त्यांना रोज रात्री पत्र लिहिते. एका वादळी रात्री मिसेस व्हॉट्सिट या चमत्कारिक म्हातारीचा घरात प्रवेश होतो आणि मेग, चार्ल्स वॉलेस व शाळेतला मित्र केल्विन वडिलांच्या शोधात विश्वाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन पोहोचतात.

हे पोहोचणे घडते ते 'टेसरॅक्ट'च्या युक्तीने. मिसेस हू आपल्या झग्याचा काठ दोन्ही हातांत ताणून धरते. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत जायला किड्याला सारे कापड चालून जावे लागेल. पण दोन्ही हात जवळ आणले की मधले कापड खाली लोंबते आणि किडा एका पावलात पलीकडे जातो. मराठी घरात हे समजावून सांगायला आकृती लागू नये. नऊवारी नेसणारी बाई रोज सकाळी हेच करते. निऱ्या चिमटीत आल्या की हातभर दूर असलेले काठ एकमेकांना टेकतात आणि कापड मात्र एक बोटभरही कमी होत नाही. शीर्षकातल्या 'रिंकल'ला कोशात सुरकुती, चुणी असे शब्द सापडतील. मला विचाराल तर मी 'काळाची निरी' म्हणेन. सुरकुती आपसूक पडते, निरी घालावी लागते.

काळाच्या अशा चमत्काराचे आपल्याला नवल नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात रैवत ककुद्मी राजाची कथा आहे. कन्या रेवतीला अनुरूप वर विचारावा म्हणून तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे गंधर्वांचे गायन चालू असते म्हणून क्षणभर थांबतो. गायन संपल्यावर मनातली नावे सांगतो, तेव्हा ब्रह्मदेव हसतात. तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली आहेत. ते राजपुत्र तर नाहीतच, त्यांची नातवंडे-पतवंडे, त्यांची गोत्रेही कोणाच्या कानावर उरलेली नाहीत. राजा परत येतो तो स्वजनांनी केव्हाच सोडून दिलेल्या नगरीत. रेवती बलरामाला दिली जाते आणि राजा बदरिकाश्रमाची वाट धरतो. ही कथाही पिता, कन्या आणि काळ यांचीच आहे, हे विशेष. पित्याने कर्तव्यच केले, तेही मनापासून. तरी त्याचे जग नाहीसे झाले. आणि कथा त्याचे सांत्वन करत बसत नाही.

आपल्या काळात डॉ. जयंत नारळीकरांनी हीच वाट विज्ञानाच्या अंगाने मराठी वाचकाला दाखवली. 'नारायण विनायक जगताप' हे, स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले, टोपणनाव धारण करून मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पाठवलेली पहिली कथा होती 'कृष्णविवर'. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला लेंगल यांचे विज्ञान तसे पातळ वाटेल, आणि ते आहेही पातळ. टेसरॅक्ट हा गणितातला खरा शब्द आहे. पण लेंगल यांनी त्याचा केवळ उंबरठा केला आहे.

पुराणकथेने काळाची किंमत जशी वसूल केली, तशी लेंगल करत नाहीत. निघालात त्याच्या पाच मिनिटे आधी परत आणून सोडू, असे मुलांना आश्वासनच मिळालेले असते. प्रथमदर्शनी ही मला बालवाचकाला दिलेली लाडीक सूट वाटली होती. पुस्तक पुढे वाचत गेल्यावर दिसते की किंमत घेतली आहे. फक्त ती काळाच्या खात्यावर टाकलेली नाही.

वडील सापडतात ते कॅमाझॉट्झ नावाच्या ग्रहावर. तेथील एका रस्त्याचे वर्णन या कादंबरीत सर्वांत भेदक आहे. सारखीच घरे, प्रत्येक घरापुढे एक मूल, आणि सारी मुले एकाच ठेक्यावर चेंडू आपटताहेत. दोरीवरच्या उड्यांचाही तोच ठेका. एकाच मुलाच्या हातून चेंडू निसटतो. त्याची आई भयभीत होऊन त्याला घरात ओढून नेते. पुढे तोच मुलगा मध्यवर्ती कचेरीतल्या कोठडीत चेंडू आपटताना दिसतो आणि चेंडूच्या प्रत्येक आपटीसरशी वेदनेने किंचाळतो. या नगरीवर सत्ता आहे ती एका देहहीन, स्पंदन पावणाऱ्या मेंदूची. त्याचे नाव फक्त 'इट'. मराठीत 'ते' म्हणावे.

सांघिक शिस्तीचे संस्कार झालेल्या वाचकाच्या मनात येथे एक शंका येईल, आणि ती येणे रास्त आहे. तालावर पावले टाकणे एवढे वाईट आहे काय? आपल्या शाळांच्या पटांगणावर शेदीडशे मुले लेझीम खेळतात, तेव्हा तोही एकच ठेका असतो. पण फरक डोळ्यांना दिसण्याजोगा आहे. लेझमीच्या फेरीत एखाद्याचे पाऊल चुकले, तर शेजारचा हसतो, शिक्षक हलगीवाल्याकडे पाहून मान हलवतात आणि पुढच्या आवर्तनाला तो मुलगा पुन्हा तालात येतो. चुकलेल्याला सामावून घेण्याइतका तो ताल सैल असतो. कॅमाझॉट्झच्या तालात चुकणाऱ्याला जागाच नाही. तेथे आजारी पडणाऱ्यालाही त्रास सोसू देत नाहीत. सरळ कायमचे निजवतात. समता म्हणजे एकसारखेपणा नव्हे, हे मेगला ऐन लढाईच्या क्षणी उमगते. एवढे सूक्ष्म राजकीय विधान तारा लावलेल्या दातांच्या मुलीच्या तोंडी घालून ते खरे वाटायला लावणे, ही साधी गोष्ट नाही.

पाढ्यांचा प्रसंगही मराठी वाचकाला गंमतीदार वाटावा. लाल डोळ्यांचा अधिकारी मुलांच्या मनात शिरण्यासाठी पाढे म्हणू लागतो! पावकी-निमकी घोकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा अन्यायच वाटला असता. पण लेखिकेचा रोख गणितावर नाही. पुढे 'ते' मेगच्या मनाचा ताबा घेऊ लागते तेव्हा ती मूलद्रव्यांची नावे क्रमाने म्हणू लागते. वडील ओरडून सांगतात की हे फार तालबद्ध होते आहे, पाचाचे वर्गमूळ काढ. जे घोकता येते त्यावर शत्रू स्वार होऊ शकतो, जे विचार करून काढावे लागते त्यावर नाही. 'लातूर पॅटर्न'च्या महाराष्ट्रात या एका पानावर पालकसभा भरवायला हरकत नाही.

कॅमाझॉट्झ म्हणजे सोव्हिएत रशिया, असा अर्थ त्या शीतयुद्धाच्या काळात सहजच लावला गेला आणि तो चुकीचाही नव्हता. मात्र २०१५च्या एप्रिलमध्ये लेंगल यांची नात शार्लट जोन्स व्हॉइक्लिस हिच्या हाती लागलेली, छापील पुस्तकातून वगळलेली काही पाने 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत मेग वडिलांना विचारते की ही नगरी अशी झाली कशी. वडिलांच्या उत्तराचा आशय असा, की हुकूमशाही हा तेथे जाण्याचा एक रस्ता झाला. संपन्न लोकशाही देशातली माणसेही केवळ सुरक्षिततेच्या हव्यासापोटी तेथेच जाऊन पोहोचू शकतात. ही पाने वगळली हे कथेच्या दृष्टीने बरेच झाले, कारण संवाद लांबतो. पण वाचल्यावर विसरता येत नाहीत. मुलाला कसलाही त्रास नको, कोठलीही जोखीम नको, शेजारच्याने जे केले तेच आपल्याने करावे, ही इच्छा रशियातून आयात करावी लागत नाही. ती माझ्या-तुमच्या बैठकीच्या खोलीत मुक्कामाला आहे.

आता कादंबरीच्या गाभ्याकडे येतो. मुलांच्या पुस्तकात हरवलेले वडील सापडले की कथा संपते. ते सारे सांभाळून घेतात, वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. लेंगल येथे वाचकाची फसगत करतात. मेग काचेच्या स्तंभातून वडिलांना सोडवते आणि आपल्या खांद्यावरचे ओझे आता उतरले, असे मानते. पण चार्ल्स वॉलेस तोवर 'ते'च्या अमलाखाली गेलेला आहे. आपल्या बुद्धीच्या घमेंडीत तो स्वतःच त्या लाल डोळ्यांत शिरला. आणि वडील काय करतात? मेगही हातची जाणार, असे दिसताच तिला आणि केल्विनला घेऊन निसटतात. पाच वर्षांचा मुलगा मागे राहतो.

मेग थंडीने गोठून दुसऱ्याच एका ग्रहावर पडलेली असते. तिला हलता येत नाही, आणि वडिलांविषयीचा तिचा संताप मात्र उसळत असतो. तुम्ही त्याला सोडून आलात! वडिलांपाशी उत्तर नाही. ते घाबरलेले आहेत, टेसरॅक्ट त्यांनाही नीट साधलेले नाही, त्यांचा पहिला प्रवासही मंगळाऐवजी भलतीकडेच जाऊन संपला होता. ज्या माणसाच्या शोधासाठी विश्व ओलांडले, तो माणूस सर्वसमर्थ नाही, हे सत्य मुलीला पचत नाही. काळाची किंमत म्हणालो ती ही. वडील परत मिळाले. वडिलांची मनातली मूर्ती मिळाली नाही.

हे लिहिणाऱ्या लेखिकेचे वडील चार्ल्स वॉड्सवर्थ कॅम्प हे स्वतः लेखक व पत्रकार होते. १९३६मध्ये ते गेले तेव्हा मॅडलिन सतरा वर्षांची होती, दूर निवासी शाळेत होती आणि शेवटच्या भेटीसाठी वेळेत पोहोचू शकली नाही. ही कादंबरी तिने वडील आणि सासरे या दोघांना अर्पण केली; चार्ल्स वॉलेस हे नाव त्या दोघांच्या नावांतूनच आले. चरित्रावरून साहित्याचा अर्थ लावू नये, हे मलाही मान्य आहे. तरीही मेगचा संताप इतका ओला का आहे, याचा धागा येथे सापडतो.

गोठलेल्या मेगला बरी करते ती एक डोळे नसलेली, केसाळ, अनेक बाहूंची प्राणी. मेग तिला 'आंट बीस्ट' म्हणते. इंग्रजीत एका शब्दात भागते. मराठीत काकू, आत्या, मामी, मावशी यांतून निवड करावी लागते, आणि निवड करायला क्षणही लागत नाही. ती मावशीच. माय मरो पण मावशी उरो, असे म्हणणाऱ्या भाषेला ही पाने जवळची वाटतील. या मावशीला प्रकाश म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि मेगला तो तिला समजावून सांगता येत नाही. मुलांच्या पुस्तकात यापेक्षा शांत पाने मी फार वाचलेली नाहीत.

भावाला सोडवायला अखेर मेगलाच एकटीला परत जावे लागते. 'ते'पाशी नसलेली कोणती गोष्ट तिच्यापाशी आहे, हे कोणी सांगत नाही. राग, हट्ट, उतावळेपणा हे दुर्गुण मिसेस व्हॉट्सिटने तिला भेट म्हणून आधीच दिलेले असतात, त्यांनी काही पल्ला गाठता येतो. शेवटी ती भावावरचे प्रेम पणाला लावते. येथे मला एक न्यून जाणवते. हा शेवट दोन-तीन पानांत आटोपतो. इतक्या बलाढ्य शत्रूचा असा झटपट निकाल लागतो, की तो मेंदू नुसताच भपक्याचा होता काय, असे वाटून जाते. जुळ्या भावांना तर लेखिकेने जवळपास विसरूनच टाकले होते. १९८६च्या 'मेनी वॉटर्स' या कादंबरीत त्यांना नोहाच्या जलप्रलयाच्या काळात पाठवून तिने ते ऋण फेडले.

पुस्तकाच्या धार्मिक रंगाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. लेंगल श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथीड्रलमध्ये त्यांनी दीर्घकाळ ग्रंथपाल म्हणून काम केले आणि पुस्तकात बायबलमधील वचने येतात. ती झाकून ठेवण्याचे कारण नाही; मुलांना विचारू द्यावे. गंमत अशी, की या पुस्तकावर सर्वाधिक आक्षेप घेतले ते अमेरिकेतील कर्मठ ख्रिस्ती गटांनीच. अंधाराशी झुंजणाऱ्यांची नावे मुले घेतात, त्यांत येशूबरोबर शेक्सपिअर, आइन्स्टाइन, गांधी आणि बुद्धही आहेत. येशूला या पंक्तीत बसवलेच कसे, हा आक्षेप. १९९०च्या दशकात शाळा-ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी ज्या पुस्तकांबाबत वारंवार झाली, त्यांच्या यादीत हे नाव होते. शाक्यमुनी आणि साबरमतीचा संत कनेक्टिकटच्या तीन पोरांच्या तोंडून एका दमात बाहेर पडतात, हे वाचताना भारतीय वाचकाला जे वाटेल, ते त्या आक्षेपकांना कधी कळणार नाही.

डिस्नेच्या २०१८मधील चित्रपटाविषयी थोडेच सांगतो, कारण थोडेच सांगण्यासारखे आहे. खर्च दहा कोटी डॉलरच्या पुढे, ओप्रा विन्फ्रीसारखी नावे, भारतीय वंशाची मिंडी केलिंग मिसेस हूच्या भूमिकेत. पण जुळे भाऊ गाळलेले, आणि मेग वडिलांबरोबर निसटतच नाही. त्यामुळे तिचे गोठणे, वडिलांवरचा तो संताप आणि मावशीची शुश्रूषा हा सारा भाग उडाला. रंगीत कपडे उरले. चित्रपट पाहून पुस्तकाविषयी मत बनवलेल्यांनी ते कृपया स्थगित ठेवावे.

मूळ इंग्रजी फार अवघड नाही. सहावी-सातवीतले मूल स्वतः वाचू शकेल. त्याहून लहानांना मोठ्यांनी वाचून दाखवावे आणि जेथे अडेल तेथे मराठीत सांगावे. प्रकरणे बारा आहेत, रोज एक घेतले तर दिवाळीच्या सुटीत पुस्तक आरामात पुरे होते. तिसऱ्या प्रकरणापर्यंत थोडी चिकाटी धरावी लागेल. आणि दहावे प्रकरण, ज्यात मेग वडिलांवर चिडते, ते त्या रात्री आईकडे न सोपवता घरातल्या वडिलांनी स्वतः वाचून दाखवावे.